भिंत रंगवाल, पण पुढच्या पावसाळ्याचं काय?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
सप्रेम नमस्कार.

आफ्रिकी कला आणि लोकजीवन या विषयावर आमच्या वस्तीतली भिंत रंगवायला आपल्या खात्याने मंजुरी दिली, त्याबद्दल आभार. तक्रार आहे ती मंजुरीच्या कागदाबद्दल. त्यात रंग, परांची, मानधन, उद्घाटन सगळं आहे. देखभालीला मात्र एक पैसाही ठेवलेला नाही.

ज्या परंपरेचं नाव आपण घेतो, तिच्यात हेच काम सर्वांत मोठं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या टिएबेले गावात कासेना लोकांची मातीची घरं आहेत. बांधायची पुरुषांनी, रंगवायची बायकांनी. लाल, पांढरा, काळा एवढेच रंग, तेही माती-दगडातून काढलेले. रंग वाळला की नेरे झाडाच्या शेंगा उकळून केलेला काढा वरून फिरवतात, म्हणजे नक्षी टिकते. तरी पाऊस आपलं काम करतोच. मग बायका पुन्हा जमतात, जाणत्या आजीबाई नक्षी सांगतात, पोरी हात चालवत शिकतात. तिथला राजवाडा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपण ज्याला लोकजीवन म्हणतो, ते या जमण्यात आहे. नुसते मुखवटे आणि जिराफ काढायचे तर कॅलेंडर काय वाईट?

शिकागोच्या दक्षिण भागात १९६७ मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांनी एका जुन्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. मुहम्मद अली, माल्कम एक्स असे आपले नायक त्यांनी भिंतीवर आणले. पुढे काही भाग पुसून नव्याने रंगवले गेले, त्यावरून कलाकारांत वादही झाले. भिंत जिवंत होती, म्हणूनच ना! १९७१ मध्ये आग लागली आणि इमारतच पाडली गेली. चित्र कितीही गाजो, खालची भिंत कुणाच्या भरवशावर उभी आहे, हे आधीच ठरलेलं बरं.

म्हणून मागणी अशी, की मंजूर रकमेतला काही भाग दरवर्षीच्या डागडुजीसाठी बाजूला काढा आणि तो वस्तीच्या समितीच्या हाती द्या. आफ्रिकेतून आलेली कुटुंबं इथे राहतात, त्यांना समितीत घ्या. नक्षी कुठली, कुठल्या समाजाची, हे त्यांना विचारा. इमारतीच्या मालकाशी लेखी करार करा, म्हणजे उद्या कुणी एका रात्रीत चुना फासणार नाही.

हे सगळं परांची बांधण्याआधी व्हावं. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात गच्चीचा पाइप गळतो आहे, तिथे आत्ताच पोपडे सुटलेत. पहिला खर्च त्या पाइपावर करा.

आपला,
वस्तीतला एक रहिवासी