डोकं दुखत होतं, तुम्ही मान पाहिलीत

आदरणीय फिजिओथेरपिस्ट मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर पाकिटात घालून तुमच्या हातात द्यायला हवं. पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. भुवईमागचा ठणका घेऊन एकामागून एक दवाखाने पालथे घालणारी माणसं कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर बरंच.

माझं दुखणं कायम उजवीकडचं. मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या कडेखाली सुरू व्हायचं, डोक्यावरून चढत पुढे यायचं आणि डोळ्यामागे ठाण मांडून बसायचं. उत्तरपत्रिका तपासायचे दिवस आले की हमखास. कुणी अर्धशिशी म्हटलं, कुणी पित्त, कुणी चष्म्याचा नंबर, आणि शेवटी उरतो तो ‘ताण’. यांतल्या कुणालाच मी नावं ठेवणार नाही. अर्धशिशीतही पुष्कळांची मान दुखते, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पण इतक्या सगळ्यांत मानेला हात लावून पाहणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तेही लगेच नाही. आधी तुमची प्रश्नावली. डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं का? ताप? कुठे पडलात, मार लागला? हातापायांत बधिरपणा, बोलताना जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं? वजन आपोआप उतरलंय का? त्या दिवशी मी जरा वैतागलेच होते. ठणका घेऊन आलेल्या माणसाला चौकशी नको असते, त्याला आराम हवा असतो. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तरी सुरुवातीला फक्त मान आणि डोकंच दुखू शकतं, आणि अशा वेळी मान फिरवणं जिवावर बेतू शकतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. माझ्या उत्तरांत तसं काही नव्हतं, तरीही तुम्ही मला आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे धाडलंत. त्यांनी होकार दिल्यावरच काम सुरू केलंत. माझे पहिले आभार यासाठी.

मग ती चाचणी. उताणं झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवलीत आणि तशाच अवस्थेत डोकं हळूच एकेका बाजूला वळवलंत. डावीकडे सहज गेलं. उजवीकडे मध्येच अडलं, जणू आत कुणी खिट्टी लावली होती. मान अशी वाकवली की खालचे सांधे बऱ्यापैकी जखडले जातात आणि उरलेलं वळणं मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यातून होतं. एरवीही मान वळते त्यातलं जवळजवळ निम्मं काम हाच सांधा करतो. निरोगी मानेत या चाचणीत दोन्ही बाजूंना साधारण 40 ते 45 अंश मिळतात. माझ्या उजव्या बाजूला त्याच्या जवळपासही नव्हते. नंतर तुम्ही वरच्या मणक्यांच्या एका सांध्यावर अंगठा दाबलात आणि डोळ्यामागे माझी ती ओळखीची कळ उठली. “हीच! हीच ती!” असं मी ओरडले होते. दुखल्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

मानेतलं दुखणं डोळ्यामागे कसं पोचतं, हेही तुम्ही कंटाळा न करता सांगितलंत. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे संदेश आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मी माझ्या परीने ते असं समजून घेतलं: दोन घरांना मिळून एकच घंटा आहे, आणि मागच्या घरचं कुणी वाजवलं तरी मेंदू पुढचंच दार उघडतो. ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’, म्हणजे मानेतून उगम पावणारी डोकेदुखी, हे नाव नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार शोस्ताद यांनी 1983 साली पुढे आणलं, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

माझ्या एक्स-रेच्या अहवालात ‘मणक्यांमधलं अंतर कमी’ असं होतं. ते वाचल्यापासून मी मान काचेची असल्यासारखी वागत होते. या वयात असे बदल काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसतात, असं म्हणून तुम्ही फिल्म पाकिटात परत घातलीत. कायमचा पट्टाही दिला नाहीत. मान कडकन मोडून द्या म्हणून मी गळ घातली, तर सरळ नाही म्हणालात. सांधा हलवलात तो हलक्या हाताने, तासन्‌तास नव्हे, आणि मग व्यायामाला जुंपलंत.

काय तो कंटाळवाणा व्यायाम! मानेखाली हवेची छोटी पिशवी, तिचा दाब दाखवणारा काटा 20 वर, आणि डोकं न उचलता नुसतं ‘हो’ म्हटल्यासारखं हनुवटी हलवून तो 22 वर न्यायचा, दहा सेकंद धरायचा. मग 24. असं करत 30 पर्यंत. मानेच्या खोलवरच्या स्नायूंना काम लावायचं, तर बाहेरचे दांडगे स्नायू पुढे पुढे करायचे. तुम्ही गळ्यावर दोन बोटं ठेवून दर वेळी चोरी पकडायचात. मुलांची कॉपी मी पकडते, तुम्ही माझी पकडलीत! जोडीला खांद्याच्या फऱ्यांचे व्यायाम.

याने खरंच काही होतं का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट ग्वेन्डोलेन जुल आणि सहकाऱ्यांचा 2002 सालचा अभ्यास सांगितलात. असेच 200 रुग्ण होते. हाताने केलेले उपचार आणि व्यायाम या दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. ‘कमी झाली’वर तुम्ही मुद्दाम जोर दिलात. समूळ जाईल असं वचन तुम्ही दिलं नाहीत, म्हणूनच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

गोळ्यांचा विषयही तुम्हीच काढलात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, मिश्र (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या) गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. कधी, कशा कमी करायच्या हे मात्र डॉक्टरांना विचारा म्हणालात, आपल्या अखत्यारीबाहेर गेला नाहीत.

‘ताठ बसा’ हे प्रवचनही ऐकावं लागलं नाही. आता उत्तरपत्रिका तिरक्या फळीवर ठेवते आणि गठ्ठा संपला की उठते. ठणका अजून अधूनमधून येतो, पण बहुतेक वेळा मानेतच थांबतो, डोळ्यापर्यंत चढत नाही.

एक निरोप. माझ्या शाळेतली एक सहकारी तुमचा पत्ता मागत होती. तिचं डोकं कधी डावीकडे दुखतं, कधी उजवीकडे, उलट्या होतात, उजेड सोसत नाही. तिला म्हटलं, तुझी गोष्ट वेगळी दिसतेय, आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेट. पत्ता दिलाय, पण तुमच्याकडे ती त्यांची चिठ्ठी घेऊनच येईल.

तुमची,
उजव्या भुवईवाली शिक्षिका