कच्चे तेल उतरले, मग आमचे भाडे का उतरत नाही?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

गेली अठरा वर्षे मी बेळगावच्या भाजी मार्केटमधून गोव्याला माळवं नेतो. एक पिकअप माझी, एक धाकट्या भावाची. रात्री गाडी भरायची, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साखळीत चहा घ्यायचा आणि उजाडायच्या आत म्हापसा नाहीतर पणजी गाठायची. घाटात रस्ता खराब असला की तासभर जास्त लागतो आणि डिझेलही जास्त जळते. गोव्यातल्या घरांत शिजणारा कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, बिन्स यांतला मोठा वाटा आमच्या भागातून जातो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हे पत्र लिहायचे कारण कडोलीच्या एक काकू. गेल्या आठवड्यात त्यांच्या शेतावर ढबूचे क्रेट भरत होतो. क्रेटमागे तीन रुपये भाडे वाढवावे लागेल, असे मी त्यांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. हातातला क्रेट खाली ठेवला, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "टीव्हीवर तर सांगत्यात, तेल उतरलंय म्हणून. मग तुझं भाडं चढतंय कसं रे बाळा?" मला उत्तर देता आले नाही. त्या क्रेटमधल्या मालाला मार्केटात त्या दिवशी काय दर आला, तेही मला ठाऊक होते. तीन रुपये त्यांच्या हातातूनच जाणार होते.

घरी येऊन वहीत हिशेब मांडला. बेळगाव-पणजी जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर होते. भरलेली गाडी घाटरस्त्याला लिटरमागे अकराच्या वर जात नाही. म्हणजे खेपेला बावीस-तेवीस लिटर. २०२४ च्या जूनआधी आपल्याकडे डिझेल ८६ रुपयांच्या आसपास होते. १५ जून २०२४ ला कर्नाटक सरकारने डिझेलवरचा विक्रीकर १४.३४ वरून १८.४४ टक्क्यांवर नेला. पुन्हा १ एप्रिल २०२५ पासून तो २१.१७ टक्के केला. दर ९१ च्या घरात गेला. लिटरमागे पाच रुपये, खेपेला एकशे दहा, महिन्याच्या पंचवीस खेपांचे पावणेतीन हजार. गाडीचा हप्ता, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार यांत हे पावणेतीन हजार कुठून काढायचे? शेवटी ते काकूंच्या क्रेटवरच येऊन बसतात.

पहिली वाढ केली तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सांगितले होते की आपला कर महाराष्ट्रापेक्षा अजूनही कमीच आहे. ते बरोबरच होते. पण सीमेवर राहणाऱ्या माणसाला शेजारचा दर रोज डोळ्यांनी दिसतो. एके काळी निपाणी-कोगनोळीच्या पंपांवर महाराष्ट्रातल्या ट्रकांची रांग लागायची, कारण पलीकडे गेले की डिझेल पाच-सहा रुपयांनी महाग. गोव्याला जाणारे आम्ही सगळे टाकी बेळगावातच भरून निघायचो. आता मी येताना गोव्यात डिझेल टाकतो, तिथे दोन-अडीच रुपये वाचतात. म्हणजे सरकारने कर वाढवला आणि माझ्यासारख्यांचे डिझेल राज्याबाहेर गेले. ज्या पंपावर मी अठरा वर्षे जातो तिथली पोरे आता विचारतात, "मामा, हल्ली दिसत नाही?"

आता केंद्राकडे वळतो, कारण सगळा दोष बेंगळूरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्चे तेल पिंपामागे ६५ डॉलरच्या खाली आले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा ते १२० च्या वर होते. रुपया तेव्हापासून घसरला आहे, हे मान्य. तरीही आम्हाला वाटले होते, आता दोन-चार रुपये तरी उतरतील. त्याच आठवड्यात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवले आणि ग्राहकावर बोजा पडणार नाही असे सांगितले. दर वाढला नाही, हे खरे. पण जे दोन रुपये उतरून आमच्या खिशात यायचे होते ते वाटेतच तिजोरीत गेले. न वाढणे म्हणजे न लुटणे नव्हे. घरगुती गॅसचे सिलिंडर मात्र त्याच दिवसापासून ५० रुपयांनी चढले.

तेल कंपन्यांचेही तसेच. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांना २०२२ मध्ये दर रोखून धरल्याने मोठा तोटा सोसावा लागला, तो खड्डा भरायला त्यांना वेळ हवा होता, यात वाद नाही. पण २०२३-२४ या एका वर्षात इंडियन ऑइलला ३९,६१९ कोटी, भारत पेट्रोलियमला २६,६७३ कोटी आणि हिंदुस्थान पेट्रोलियमला १४,६९४ कोटी निव्वळ नफा झाला. तिघींचे मिळून जवळजवळ ८१ हजार कोटी. त्या संपूर्ण वर्षात पंपावरचा दर हलला तो एकदाच, २०२४ च्या मार्चमध्ये, दोन रुपयांनी. आणि लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली ती लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. २०१७ च्या जूनपासून ते रोज बदलायचे ठरले. बाजारात महाग झाले तर महाग घ्या, स्वस्त झाले तर स्वस्त मिळेल, असा तो करार होता. आम्ही तो मानला. पण आपल्याच राज्याची २०१८ ची विधानसभा निवडणूक आठवा. १२ मे ला मतदान. त्याआधी १९ दिवस दर जागचा हलला नाही आणि १४ मे पासून रोज चढू लागला. २०२२ मध्ये १० मार्चला उत्तर प्रदेशासह पाच राज्यांचे निकाल लागले आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत दहा रुपये वाढले. दर बाजार ठरवतो म्हणतात, तर त्याला मतदानाची तारीख कशी कळते?

यात भरडले जातात ते फक्त गाडीवाले नाहीत. पॉवर टिलर, ट्रॅक्टर, मळणी सगळे डिझेलवर. एसटीचे आणि वायव्य कर्नाटक परिवहनचे भाडे २०२५ च्या एकाच जानेवारी महिन्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढले. कोल्हापूरला दवाखान्यात जाणारी आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जाणारी आपली माणसे सीमा रोज ओलांडतात, त्यांना कुठल्याच बाजूला सुटका नाही.

दर उद्याच्या उद्या दहा रुपयांनी कमी करा, असे माझे म्हणणे नाही. रस्ते, दवाखाने, योजना करांतूनच चालतात, हे मलाही कळते. माझी मागणी साधी आहे. किराणा दुकानातल्या बिलावर कर किती तो वेगळा छापलेला असतो. हॉटेलात चहा-पुरी खाल्ली तरी बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर स्वतंत्र दिसतो. पंपाच्या पावतीवर मात्र लिटर, दर आणि रक्कम, एवढेच. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे म्हणून हा हिशेब ग्राहकापासून झाकलेला राहावा का? २०२५ मध्ये मी स्वतः गणित घातले तेव्हा ९१ रुपयांतले १७ रुपये ८० पैसे केंद्राचे आणि सुमारे १६ रुपये राज्याचे निघाले. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पंपवाल्याचे कमिशन त्यात नाही, कंपनीची कमाई तर कुठेच दिसत नाही.

तेव्हा प्रत्येक पंपाच्या पावतीवर मूळ किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि पंपाचे कमिशन हे चार आकडे छापले जावेत, मराठी भागात मराठीतूनही. कच्चे तेल किती उतरले की पंपावरचा दर किती उतरेल, याचे सूत्र कंपन्यांनी जाहीर करावे आणि निवडणूक असो वा नसो ते पाळावे. बेळगाव आणि चिक्कोडीच्या खासदारांनी हे संसदेत आणि आमच्या आमदारांनी बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधानसभा अधिवेशनात मांडावे, ही आपल्या पत्रामार्फत विनंती.

तशी पावती ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी मी ती कडोलीला जाऊन काकूंच्या हातात देणार आहे. भाडे मी अजून वाढवलेले नाही.

आपला,
एक भाजी वाहतूकदार
कंग्राळी खुर्द, ता. जि. बेळगाव