कर्नाडांचे माहितीपट ‘याशिवाय’मध्ये का?

संपादक महोदय,

गिरीश कर्नाड यांच्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘तुघलक’, ‘हयवदन’, ‘नागमंडल’ यांना ऐसपैस जागा मिळाली, ते रास्तच. पडद्यावरचे कर्नाडही आले: ‘निशांत’मधले मास्तर, ‘मंथन’मधले डॉ. राव, ‘उंबरठा’तला सुलभाचा वकील नवरा, झालंच तर ‘एक था टायगर’मधले शेणॉय. माहितीपटांच्या वाट्याला मात्र सबंध लेखात एक ओळ, तीही ‘याशिवाय त्यांनी’ अशी सुरू होणारी. या ‘याशिवाय’बद्दलच हे पत्र.

१९७० च्या ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातले त्यांचे प्राणेशाचार्य गाजले, पाठोपाठ ब. व. कारंथ यांच्याबरोबर केलेल्या ‘वंशवृक्ष’च्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा ऐन भराच्या काळात, १९७२ मध्ये, कर्नाडांनी माहितीपट केला तो कवी द. रा. बेंद्रे यांच्यावर. बेंद्र्यांना ज्ञानपीठ मिळायच्या आधीची ही गोष्ट. घरात मराठी बोलणारा धारवाडचा माणूस कन्नडचा ‘वरकवी’ कसा झाला, याचं कुतूहल कन्नडिगांपेक्षा आपल्यालाच जास्त असायला हवं. पण हा माहितीपट पाहिलेला मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

मला खरं बोलायचंय ते ‘कनक-पुरंदर’विषयी. १९८८ चा हा माहितीपट फिल्म्स डिव्हिजन या माहितीपट काढणाऱ्या सरकारी संस्थेसाठी केलेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. विषय सोळाव्या शतकातले दोन हरिदास, म्हणजे कन्नड भक्तिपरंपरेतले संतकवी. पुरंदरदास सावकार, परंपरेनं त्यांना ‘नवकोटी नारायण’च म्हटलेलं, सगळी दौलत सोडून ते तंबोरा घेऊन निघाले. कनकदास जातीनं धनगर. उडुपीच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता, तेव्हा कृष्णाची मूर्तीच त्यांच्याकडे वळली आणि भिंतीतल्या फटीतून तिनं दर्शन दिलं, असं सांगतात. ती ‘कनकाची खिडकी’ आजही दाखवतात. आपल्याला इथे चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यात पुरंदरदासांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’! म्हणजे विषय आपल्या अंगणातलाच, आणि तो पडद्यावर आणणारा माणूसही माथेरानला जन्मलेला.

त्यानंतर १९८९ मध्ये त्यांनी सूफी परंपरेवर ‘द लॅम्प इन द निश’ केला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमातल्या भूमिका आपण पैशासाठी करतो, हे कर्नाड लपवत नसत. माहितीपटात पैसाही नाही आणि टाळ्याही नाहीत. तरीही १९७२ पासून १९८९ पर्यंत ते पुन्हा पुन्हा तिकडे वळले. ही फावल्या वेळची हौस नव्हती, असं मला वाटतं. कवी, हरिदास, सूफी ही निवड पाहा. नाटकात ते मिथकांशी आणि इतिहासाशी जे भांडण मांडत होते, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. (नाटकांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनीही इकडे फिरकायला हरकत नाही.)

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. आता त्या महामंडळानंच हे माहितीपट मराठी उपशीर्षकांसह उपलब्ध करावेत. तोवर एखाद्या फिल्म सोसायटीनं निदान आषाढीच्या आठवड्यात ‘कनक-पुरंदर’चा एक खेळ लावावा. सतरंज्या घालायला मी येईन.

आपला,
एक जुना वाचक