घंटावादन शिकवणाऱ्यांचे काय?

महोदय,

रविवार पुरवणीतील अमेरिकेतल्या हँडबेल (हातात धरून वाजवायच्या, एकेका स्वराच्या घंटा) वाजवणाऱ्या वृंदांवरचा लेख वाचला. ‘चर्चमधला हौशी छंद’ हे त्यातले वर्णन पटले नाही. पाच सप्तकांच्या संचात ६१ घंटा असतात आणि त्या डझनभर वादकांत वाटलेल्या असतात. एक जण आला नाही, तर सुरावटीतले त्याचे स्वरच गायब! साहजिकच घंटांची वाटणी, नवख्यांना स्वरलिपी शिकवणे, ऐनवेळी बदली वादक उभा करणे हे सारे संचालकाच्याच माथी येते. तेथे या वादकांची राष्ट्रीय संघटना १९५४ पासून आहे, तरी चर्चमधील संचालकपद बहुधा अर्धवेळच असते. (आपल्या शाळांतील संगीतशिक्षकांना हे नवे वाटणार नाही.) वादक हौशी असले, तरी शिकवणे हे कामच आहे. लेखात मानधनाविषयी निदान एक परिच्छेद हवा होता.

– एक वाचक, पुणे