कोकणात कुठलं चामडं चालतं ते पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे ‘खरं लेदर कसं ओळखायचं’ असं एक पान आलेलं. पाण्याचा थेंब टाका, कोपऱ्याला काडी लावून बघा, वास घ्या वगैरे. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आमच्या दुकानापर्यंत आला म्हणून हे लिहितोय. कुडाळला आमचं गटईचं काम आहे, चपला, बॅगा, पट्टे, गणपतीच्या आधी ढोलाच्या वाद्या पण. गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, “भाऊ, ह्यां प्युअर लेदरच आसा मां?” आता तुमचं पान वाचून लोक लायटर घेऊनच दुकानात शिरायला लागलेत, चांगल्या पर्सचा कोपरा काळा करून परत विचारतात की आता सांग.

तर पहिलं म्हणजे ती काडी लावायची टेस्ट छापू नका. चामडं जळलं की केस जळल्यासारखा वास येतो हे बरोबर, पण दुकानातल्या मालाच्या अंगावर रंगाचा, पॉलिशचा, कधी पीयूचा म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा थर असतो आणि आधी तोच पेटतो, त्यामुळे अस्सल मालाला पण प्लॅस्टिकचा वास येतो. उलट बॉण्डेड लेदर म्हणून जे असतं, म्हणजे कारखान्यातला चामड्याचा चुरा गोळा करून त्यात चिकट घालून शीट काढलेली असते, ती जाळली तर केसाचाच वास येणार, कारण आत चुरा चामड्याचाच. पाण्याच्या थेंबाचं तेच, फिनिशिंग केलेल्या चामड्यावरून पाणी सरळ ओघळून जातं, म्हणून ते खोटं होत नाही. बघायचंच असेल तर कड बघा. शिवण जिथे उघडी आहे, पट्ट्याचं भोक आहे, खिशाची आतली बाजू आहे, तिथे निरखून बघा. चामड्याच्या कडेला बारीक तंतू गुंतलेले दिसतात, वरच्या अंगाला दाट आणि खाली सैल. रेक्झिन असेल तर कापडाचे धागे दिसतात. आणि वरची नक्षी ठरावीक अंतराने हुबेहूब तशीच परत परत येत असेल तर तो ठसा आहे, अंगची दाणेदार कातडी नाही.

पण माझं मूळ म्हणणं वेगळंच आहे. खरं की खोटं एवढ्यावर आपल्याकडे काही ठरत नाही. चामडं कुठल्या जनावराचं, कातड्याचा कुठला थर आणि कशाने कमावलेलं, ह्या तीन गोष्टी कळल्या तरच ते कशाला चालेल सांगता येतं, आणि त्यात आपला पाऊस धरायचा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाणी पडणाऱ्या मुलखात पुण्या-दिल्लीचा सल्ला जसाच्या तसा कसा चालेल.

थराचं आधी सांगतो कारण फसवणूक तिथेच जास्त. म्हशीचं कातडं जाड असतं, कारखान्यात मशीनवर ते आडवं चिरून त्याचे थर काढतात, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर वेगळा आणि खालचा वेगळा. सगळी ताकद वरच्या पापुद्र्यात, तिथे तंतू घट्ट विणलेले. तो न घासता ठेवला तर फुल ग्रेन, डाग-ओरखडे घालवायला थोडा घासला तर टॉप ग्रेन. खालचा राहतो तो स्प्लिट. स्प्लिटवर पीयूची फिल्म चढवून वर ठसा मारला की दिसायला पहिल्यापेक्षा गुळगुळीत, आणि त्यावर ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का. खोटं म्हणता येत नाही, चामडंच आहे ते, पण दोन वर्षांत वाकण्याच्या जागी सोलपटं निघतात. सर्वात जास्त हे पट्ट्यांमध्ये होतं. वर-खाली पातळ स्प्लिट आणि मध्ये भरावाला पुठ्ठ्यासारखं काहीतरी, घामाने आणि पावसाने फुगतं आणि बकलजवळ फाटतं. पट्टा घ्यायचा तर म्हशीच्या एकाच जाड तुकड्याचा, आत काही न भरलेला घ्यायचा. कड बघितली की लगेच कळतं. तसला पट्टा दहा-बारा वर्षं जातो, पोट वाढलं तर भोक पाडून मिळतं.

स्वेड आणि नुबक ह्यांचं थोडक्यात. स्वेड म्हणजे आतल्या बाजूचा मऊ लव असलेला भाग, नुबक म्हणजे वरचीच बाजू घासून मखमली केलेली. दोन्ही देखणे आणि दोन्ही आपल्याकडे जून ते सप्टेंबर बिनकामाचे. जांभ्याची तांबडी माती त्यात एकदा बसली की निघत नाही.

आता कमावणं. कच्चं कातडं कुजतं, ते कुजू नये म्हणून कमवायचं, त्याच्या दोन मुख्य रीती. जुनी रीत झाडपाल्याची, हिरडा, बाभळीची साल, त्यातल्या तुरट द्रव्यात कातडं आठवडेच्या आठवडे ठेवायचं. चामडं निघतं ते कडक, अंगात दम असलेलं, त्याला आकार देता येतो, नक्षी कोरता येते, वापरून वापरून रंग गडद होत जातो. दुसरी रीत क्रोमची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतून पसरली, १८८४ चं पेटंट आहे ऑगस्टस शुल्ट्झ ह्यांचं. क्रोमियमच्या क्षारात एखाद्या दिवसात कमावणं होतं, ओलं असताना निळसर दिसतं म्हणून धंद्यात त्याला वेट ब्लू म्हणतात. हे मऊ, वाकणारं, आणि पाणी-उष्णता बरीच जास्त सोसतं. आज जगातलं बहुतेक चामडं असंच कमावलेलं. बुटाचं अप्पर म्हणजे वरचा भाग, लेडीज पर्स, ऑफिसची बॅग ह्यात आपल्याला बहुतेक क्रोमचंच मिळतं.

हे मी एवढं लांबण का लावतोय तर आपल्या पावसात दोघांचं वागणं वेगळं. हिरड्या-बाभळीचं चामडं पाणी पितं, फुगतं, आणि लोक काय करतात तर चुलीच्या वैलाजवळ नाहीतर गॅसच्या बाजूला सुकत ठेवतात. ओलं चामडं तापलं की आखडतं आणि लाकडासारखं होतं, मग कितीही तेल पाजा, परत येत नाही. क्रोमचं तेवढं लगेच आखडत नाही पण त्यालाही आगीजवळ ठेवायचं काम नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या पाहुण्यांच्या बॅगा आणि बूट आमच्याकडे आले होते. ज्यांनी गोड्या पाण्याने चिखल धुवून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाऱ्यावर सुकवले त्यांचे बरेच वाचले. ज्यांनी कडक उन्हात टाकले त्यांचे तडकले. तुमच्या पेपरचा हा एक उपयोग पण लिहायला हरकत नाही, बोळे रोज बदलायचे एवढंच.

बुरशी दोघांनाही येते. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली बॅग श्रावणात काढली की हिरवी-पांढरी झालेली असते. कापडी पिशवीत ठेवा, आठवड्यातनं एकदा बाहेर काढून फडक्याने पुसा. आणि पावसाच्या तोंडावर खोबरेल चोपडून ठेवायची जी आपल्या घरोघरी सवय आहे ना, ती नको. थोडं तेल उन्हाळ्यात ठीक आहे, पण जास्तीचं तेल आणि दमट हवा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. समुद्राकाठच्या लोकांना आणखी एक, खाऱ्या हवेने चामड्याच्या आधी बकलं आणि रिबिटं सडतात, मालवण-देवगडच्या बॅगांची कड्या बदलायची कामंच जास्त येतात, तेव्हा घेताना पितळेची मिळाली तर बघा.

कोल्हापुरी. हा विषय निघाला की लोक भावूक होतात, त्यातून २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तसल्याच चपला दाखवल्या तेव्हापासून तर विचारूच नका. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे. चामडं झाडपाल्याने कमावलेलं, तळ चामड्याच्या थरांचा, खिळा न मारता वादीने शिवलेला. अप्रतिम चप्पल, दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंत आपल्या घामाला हिच्यासारखं दुसरं काही नाही. पण मिरगाच्या आधी तिला वर ठेवायची म्हणजे ठेवायची. पावसात घालून तळाचे थर सुटले, मग माझ्याकडे आणून कोल्हापूरवाल्याला शिव्या द्यायच्या, ह्यात त्याची काय चूक. हायवेच्या बाजूला कोल्हापुरी म्हणून टांगलेल्या असतात त्यातल्या कितीतरी रेक्झिनच्या पट्ट्याच्या आणि पेस्टिंग केलेल्या म्हणजे नुसत्या चिकटवलेल्या तळाच्या, त्या वेगळ्या. तळाची शिवण बघून घ्या.

जनावरांचं म्हणाल तर, म्हैस तळाला, पट्ट्याला, जाड बॅगेला. २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, गाईच्या आधीपासून होतीच, त्यामुळे इथल्या कारागिराच्या हातात म्हशीचंच जास्त येतं. बकरीचं पातळ असून चिवट, पाकीट घ्यायचं तर बकरीचंच, खिशात फुगत नाही आणि घडीवर लवकर चिरत नाही. मेंढीचं लोण्यासारखं मऊ पण नाजूक, जॅकेटला वापरतात, आणि कुडाळात जॅकेट घालून जायचं कुठे हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारतोच.

आणखी एक चामडं आपल्याकडे आहे जे ह्या लेखांमध्ये कधीच येत नाही, ते म्हणजे न कमावलेलं. ढोल, नगारा, पखवाज ह्यांच्या तोंडावर ताणतात ते कमावलेलं नसतं, केस काढून, खरवडून, ताणून सुकवलेलं नुसतं कातडं. कमावलेलं मऊ चामडं ताणून बघा, तसा टणक नादच येणार नाही. पण कमावलेलं नाही म्हणून ते हवेतला ओलावा ओढतं, शिमग्याला खणखणीत वाजणारा ढोल भाद्रपदात बसतो आणि पोरं शेकोटी करून शेकत बसतात. फायबरचं पान घातलं की ही कटकट जाते हे खरं आहे, ताशाला तर आता सर्रास तेच, आवाज मात्र कानात घुसतो. पखवाजाला अजून तरी कातड्याशिवाय मजा नाही, धुमाच्या म्हणजे खर्जाच्या बाजूला कणीक लावून जो घुमार येतो तो फायबरवर मी ऐकलेला नाही. आणि आमच्या शेजारी पिंगुळीला ठाकर समाजाच्या सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, ज्यासाठी परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. तिथे चामड्याचा गुण अगदी उलटा लागतो. मजबुती वगैरे नंतर, आधी दिव्याचा उजेड आरपार आला पाहिजे, रंग पडद्यावर पडले पाहिजेत, म्हणून कातडं खरवडून पातळ करायचं. तुमच्या पुरवणीला एक अख्खं पान पुरणार नाही एवढा विषय आहे तो.

राहिलं रेक्झिन. चामड्याच्या धंद्यातला माणूस असून सांगतो, रेक्झिनला नावं ठेवायचं कारण नाही. रिक्षाची सीट, हूड, बाईकची सीट, दप्तर, मासळी आणायची पिशवी ह्याला चामडं लावणं हा वेडेपणा. फक्त त्यात पण फरक आहे. पीव्हीसीचं रेक्झिन पाण्याला घट्ट, उन्हाने काही वर्षांनी कडक होऊन चिरतं. पीयूचं हाताला मऊ, चामड्यासारखं लागतं, पण दमट हवेत ते आतल्या आत विरघळायला लागतं, वापरलं नाही तरी. मुंबईच्या पोराने पाठवलेले भारी बूट कपाटात जपून ठेवले, लग्नाला काढले आणि मांडवात पोचेपर्यंत सोलचा भुगा, असं दर सिझनला कोणीतरी घेऊन येतं. तो पीयूचा सोल. वापरात असलेला उलट बरा टिकतो. सोफ्याला ‘लेदरेट’ म्हणून विकतात त्याचे पापुद्रे पाठीला चिकटून येतात ते पण बहुतेक वेळा हेच. कोकणातल्या घरात सोफ्याला जाड सुती कापड शिवून घ्या, धुता तरी येतं.

आता मागणी. युरोपात १९९४ च्या नियमानुसार बुटावर अप्पर, अस्तर आणि तळ ह्या तिघांसाठी वेगवेगळं चिन्ह नाहीतर शब्दांत माहिती द्यावी लागते. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडं. त्याच आकृतीत बर्फीच्या आकाराचा चौकोन म्हणजे थर चढवलेलं, त्यात सुद्धा थर ०.१५ मिलिमीटरच्या पुढे पण एकूण जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत अशी मोजून अट आहे. जाळी म्हणजे कापड. नुसता बर्फीचा चौकोन म्हणजे बाकी सगळं, प्लॅस्टिक-रबर धरून. आपल्याकडे आग्रा, तामिळनाडूतल्या आंबूरला एक्सपोर्टसाठी बनलेल्या बुटांच्या जिभेमागे किंवा तळाला ही चिन्हं असतात, असले जोड इथल्या दुकानात पण येतात, फक्त कोणी बघत नाही. सरकारने सगळ्याच मालावर असं काही सक्तीचं केलं तर उत्तम, ते होईल तेव्हा होवो. तुम्ही तेवढ्यात ती चार चिन्हं चित्रासकट पुरवणीत छापा. जागा कमी पडत असेल तर माझं पत्र कापा, चिन्हं कापू नका.

आपला,
एक गटई कारागीर,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग