काखेपासून वरचे टाके

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. कुंची, टोपडं, मोजे, स्वेटर, सगळं सुरेख झालंय. पिवळा रंग घेतलास हे बरं केलंस, मुलगा असो की मुलगी, चालतो. आक्कांना दाखवला. चष्मा लावून, फोन लांब धरून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "दुकानातला दिसतोय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे किती, ते तुला सांगायला नको. शेजारच्या वहिनींना तर मी दोनदा दाखवला.

पण फोटो आलेला रात्री पावणेदोनला.

आणि आणखी एक दिसलं. खालची पट्टी आणि पोट अगदी एकसारखं, मोकळं विणलंयस. काखेपासून वर हात आवळलाय. सुई तीच असणार, टाके मात्र बारीक झालेत. त्या सुमाराला ऑफिसात काही झालं का? सांगायचं नसेल तर नको सांगू. बाबा म्हणतात, फोटोत एवढं कुठे दिसतं. त्यांना नाही दिसत.

तू पाठवलेला लेख वाचला. 2013 सालची ती पाहणी, जगभरच्या 3,545 विणणाऱ्यांना विचारलं आणि जे जास्त वेळा विणतात त्यांना जास्त शांत वाटतं असं निघालं. आता विणणाऱ्यांनाच विचारल्यावर ते दुसरं काय सांगणार? तरी खोटं नाही ते. सुलट-उलट, सुलट-उलट करत चार ओळी गेल्या की डोकं थंड होतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच तू सुया हातात घेतल्यास तेव्हा बरं वाटलं होतं. झोप येत नाही म्हणून घेतल्या होत्यास ना? मग आता त्याच सुयांपायी जागतेस, हे कसं?

महिनाअखेर बारा बाळंतविडे. हो म्हणण्याआधी हिशेब तरी केलास का? तान्ह्या बाळाच्या स्वेटरला शंभर ग्रॅमच्या आसपास लोकर, टोपड्या-मोज्यांची वेगळी, बटणं, हे सगळं तू किमतीत धरलंस. तास? एका संचाला पंचवीस तास धर, सगळं वजा जाऊन पाचशे सुटले असं धर. तासाला वीस रुपये. एवढ्यात आपल्याकडे भांडीवालीसुद्धा येणार नाही. म्हणून यात तास मोजायचेच नसतात. टीव्हीसमोर, गाडीत, फोनवर बोलताना जे होईल ते. लोकरीचे पैसे निघावेत, वर पुढच्या लोकरीपुरते आणि एखाद्या साडीपुरते पडावेत. महिन्याला दोन-तीन संच. त्यापुढे गेलीस की ती दुसरी नोकरी, आणि पहिलीनेच तुला गोळी सुरू करायला लावली आहे.

झालं माझं सुरू. रागावू नकोस.

मी दुकानासाठी विणायचे ती गोष्ट वेगळी होती. बाबांचा पगार थांबलेला. शेठ लोकर वजन करून द्यायचा आणि तयार स्वेटर परत तराजूत घालायचा. जरा कमी भरला की भुवया वर. मजुरी नगावर. वीज गेली तरी थांबायचं नाही, टाका सुलट की उलट हे बोटांनाच कळायचं. तू मांडीवर डोकं ठेवून लोकरीचा गुंडा पोटाशी धरून पडायचीस. दोन ओळी होईस्तोवर गाढ. गुंडा सोडवायला गेलं की तेवढी जागी व्हायचीस, पुन्हा लगेच झोप. काय झोप होती तुला!

घेतलीच आहेस ऑर्डर तर नीट कर. एका रंगाची सगळी लोकर एकदम घे, लेबलावरचा लॉट नंबर बघून. नंतर आणलेल्या लडीचा रंग उन्हात वेगळा दिसतो. गळ्याला दोरी नको, बटणच. हातमोज्यांच्या आतले धागे आखूड काप आणि टोकं ओवून टाक, तान्ह्याचं बोट त्यात अडकतं. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नकोस, लोळागोळा होतं. आणि त्या बाईंना सांग, सहा आत्ता, सहा पुढच्या महिन्यात. नाही म्हणाल्या तर नाही. माणसं थांबतात गं, आपण विचारत नाही.

प्रेशर मोजलंस का या आठवड्यात? आकडा कळव, "ठीक आहे" असं नको.

बाबांचा आशीर्वाद. त्यांना अर्ध्या बाह्यांचा राखाडी हवा आहे म्हणे, पण घाई नाही.

तुझी,
आई

ता. क. टोपडी आणि मोजे माझ्याकडे दे. आजच लोकर कुरिअर कर, नमुन्याचा एक मोजा सोबत टाक, म्हणजे माझा हात तुझ्या हाताशी जुळवून घेते. आक्का गोंडे करून देतील, त्यांनी आपणहून सांगितलंय.