कम्युनिटी कॉलेजच्या अडचण निधीसाठी मंडळाचे आवाहन

सस्नेह नमस्कार,

भारतातली पदवी हातात असूनही नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर अमेरिकेत घरी बसावे लागलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात, पुन्हा वही उघडली. कुणी अकाउंटिंग शिकले, कुणी नर्सिंग. आज त्याच कॉलेजातल्या मुलांसाठी आम्ही तुमच्यापुढे हात पसरत आहोत.

ही कॉलेजे मुख्यतः राज्याचे अनुदान, स्थानिक मालमत्ता कर आणि फी यांवर चालतात. मंदी आली की नोकरी गेलेले लोक शिकायला येतात, वर्ग भरतात, आणि नेमका तेव्हाच राज्याचा महसूल आटलेला असतो. मंदी सरली की लोक कामावर परततात, पटसंख्या घसरते, आणि अनेक राज्यांत अनुदान पटसंख्येवर ठरत असल्याने तेही घटते. मोठ्या विद्यापीठांना धनवान माजी विद्यार्थी हात देतात. इथून नर्स, मेकॅनिक, शिक्षिका होऊन गेलेली माणसे कोट्यवधींच्या देणग्या कुठून देणार?

गरजू विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी शिक्षणमदत, मिळते. २०२५-२६ साठी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे. त्यात कम्युनिटी कॉलेजची फी बहुधा भागते. पण विद्यार्थी अडतो तो फीवर नाही, गाडीवर. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नाही, अनेक गावांत बस नाही. गाडी बंद पडली की आधी कामाची पाळी चुकते, मग वर्ग, मग परीक्षा. चारपाचशे डॉलरच्या दुरुस्तीपायी अख्खे सेमिस्टर जाते. आणि एच-४ वरच्या आपल्या मुलांना तर पेल ग्रँट मिळतच नाही, हे आपल्यातल्या पुष्कळांना अजून ठाऊक नाही.

म्हणून यंदा मंडळ कॉलेजसाठी देणग्या गोळा करणाऱ्या फाउंडेशनच्या अडचण निधीला मदत करत आहे. दिवाळीच्या तिकिटासोबत पन्नास डॉलर दिलेत तरी मोलाचे आहेत. चेक थेट फाउंडेशनच्या नावे लिहा; मंडळ एक डॉलरही स्वतःकडे ठेवणार नाही. तुमची कंपनी तेवढीच रक्कम भरते का, तेही विचारून पाहा.

ज्यांना मताधिकार आहे त्यांना आणखी एक विनंती. कॉलेजच्या विश्वस्तांची निवड आणि इमारतींच्या कर्जरोख्यांचा प्रश्न मतपत्रिकेच्या अगदी तळाशी असतो. तिथवर वाचत जा, तो रकाना कोरा सोडू नका.

चेक खजिनदारांकडे दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत पोहोचावेत.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी